फळीवरची माणसं

तीन बुचं... वाइनच्या बाटल्यांची, आणि तीही बहुतेक याच घरात नाताळात उघडलेल्या. मधल्या बुचाला स्क्रूचं भोक आरपार होतं आणि त्या भोकातून पोलादाचं टोक बाहेर डोकावत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. बाजूची दोन नीट बसली होती. लहान मुलीला लागू नये म्हणून कुणीतरी काळजीने बसवलेली बुचं. कारीन वाडगा पुसत होती, ती पुसतच राहिली. टोकाच्या मागे तीन काटे, काट्यांच्या मागे चार फुटांचा दांडा, नव्याने घासलेला, तेल दिलेला, आणि दांड्यावर तापल्या लोखंडाने उमटवलेलं नाव — टिली. इंग्रजी ‘टी’ची आडवी रेघ जरा जास्तच जळली होती. भाला तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आडवा पडला होता, दुधाच्या जगला टेकून, जसा काही तो रोजच तिथे असतो.

म्हणजे ऑरविल येऊन गेला. आपण वर आंघोळ करत असताना केव्हातरी सासरा मागच्या दाराने आत आला, बूट न काढता, आणि हे ठेवून गेला. दाराला कुलूप नव्हतं. या गावात दाराला कुलूप लावलं की शेजारी विचारायला येतात, काही झालंय का म्हणून.

डेल जिन्यावरून खाली आला. त्याने भाला पाहिला, तिला पाहिलं, आणि कॉफी ओतून घेतली.

“बाबा आले होते वाटतं.”

“काल तू काय म्हणाला होतास मला?”

“बोलतो म्हणालो होतो. बोललो ना. त्यांनी ऐकून घेतलं सगळं.”

“मग?”

“मग भाला ठेवून गेले.” तो अर्धवट हसला. मग तिचा चेहरा पाहून हसू कपात बुडवलं. “अगं, सगळी पोरं मासा मारतात. मी पाच वर्षांचा होतो.”

होतास. आणि नवव्या वर्षी याच बापाने तुझं मनगट वल्ह्याने मोडलं होतं, बोटीचा दोर सुटला म्हणून. आणि दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्कीची तंगडी हातात घेऊन तूच ती गोष्ट सांगतोस, ‘कडाक’ असा आवाज तोंडाने काढून, आणि सगळं टेबल हसतं, तुझी आईसुद्धा... आणि मी कोठाराच्या दाराकडे बघते, जिथे पशुखाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलंय, छातीच्या उंचीवर, कारण त्याच्यामागे तुझ्या मुठीएवढं भोक आहे. तू मला कधीच हात लावला नाहीस. हे तू अनेकदा सांगितलंयस. दाराला लावलास. मी टिलीला पाळण्यात झोपवत होते तेव्हा ऐकलं होतं, लाकूड फुटताना आधी एक लहानसा आवाज येतो आणि मग मोठा.

“ती नाही मारणार,” कारीन म्हणाली. “पाहायला येऊ दे. मारणार नाही.”

“बरं.”

“बरं नाही. तू सांगायचं. सगळ्यांसमोर.”

“बरं म्हटलं ना,” डेल म्हणाला, आणि कप जरा जोरात ठेवला. फार नाही. तिने मोजून घेतलं तेवढं.

खिडकीतून गाव दिसत होतं, म्हणजे जेवढं असतं तेवढं. उत्तरेला मोठं तळं, निळंशार, वारा असला की समुद्रासारखा आव आणणारं. दक्षिणेला उथळ तळं, खरं तर गुडघाभर चिखलावर पसरलेलं पाणी. आणि दोघांच्या मध्ये, दोन पिशव्यांना एकाच दोरीने आवळावं तसा, दोनशे पावलांचा प्रवाह — त्याला इथे गळा म्हणतात. गळ्यावर पूल, पुलाच्या दोन्ही हातांना गाव. चर्च, धान्याची कोठी, दोन बार, आगीच्या बंबाची शेड. पूर्वेच्या पाटीवर लोकसंख्या ६११ लिहिलीय, पश्चिमेच्या पाटीवर ५८८. कारीन आठवड्यातून तीन दिवस गावाच्या कचेरीत बसते, तिने आल्या वर्षीच दोन्ही पाट्या सारख्या करायचा अर्ज टाकला होता. सभेत कुणीतरी विचारलं, मधले तेवीस कुठे गेले म्हणून, आणि मागून ऑरविल म्हणाला, “पुलावर भांडत बसलेत.” अर्ज तिथेच बुडाला.

कारण खरी शिरगणती पाट्यांवर नसतेच. ती बंबाच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीला, ओकच्या लांब फळ्यांवर आहे. मे महिन्यातल्या या शनिवारी गळ्यात ज्याने कार्प मासा मारला त्याचं नाव त्या फळीवर डागतात, जन्मात एकदाच. बाकीचे इथे नुसते राहतात, असं म्हणतात. हसत म्हणतात, पण म्हणतात. रस्त्यावरचा बर्फ कुणाचा आधी काढायचा, बोटीला धक्क्यावर जागा कुणाला, कुणाच्या घरी मयत झाल्यावर शेजारून हॉटडिशची, म्हणजे भाजून आणलेल्या जेवणाची, किती भांडी येतील — सगळं त्या फळीवरून ठरतं आणि तसं कुणीच कबूल करत नाही. कारीनला इथे येऊन नऊ वर्षं झाली. तिचं नाव नाही. तिने कधी मागितलंही नाही. कॉलेजात ती समाजशास्त्र शिकली होती. पहिल्या वर्षी ती फळी पाहून तिला वाटलं होतं, याच्यावर मस्त निबंध होईल... निबंध. मग टिली झाली.

आणि टिली आता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, एकच मोजा घातलेली, भाल्याकडे बघत.

“माझं नाव आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“आजोबांनी लिहिलं?”

“हो. ये, आधी खाऊन घे.”

टिली आली, खुर्चीवर चढली, एका हाताने चमचा धरला आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं दांड्यावर ठेवली, मांजराच्या पाठीवर ठेवावीत तशी, आणि खाऊ लागली. कारीन त्या हाताकडे पाहत होती. तीन आठवडे ती त्या हाताकडेच पाहते आहे. भांडी घासताना, मोटार चालवताना आरशातून, रात्री झोपलेल्या मुलीच्या उघड्या तळव्याकडे. तीन आठवड्यांपूर्वी शाळेतून फोन आला: टिलीने ओडीन नावाच्या मुलाच्या कपाळात पत्र्याचा डबा घातला. एकदा नाही. चार टाके. बाई फोनवर फार हळू बोलत होत्या, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलावं तसं. ‘ती रडली नाही हो,’ बाई म्हणाल्या, ‘तेच जरा...’ आणि घरी आल्यावर कारीनने तिला मांडीवर घेऊन विचारलं, का मारलंस, आणि ती म्हणाली, “तो थांबत नव्हता. मग थांबला.”

एवढंच. काय थांबत नव्हता ते कारीनने विचारलंच नाही. तिला वाटलं, उत्तर कळलंय. तिला ऐकू आलं ते ऑरविलचं रक्त. वल्हं, मूठ, डबा, एकाखाली एक लिहिलेली नावं. ऑरविलला ही बातमी कळली तेव्हा तो म्हणाला होता, “चार? डेलचा आकडा नेहमी तीनच्या आतच असायचा,” आणि टिलीला एक डॉलर दिला होता. तो डॉलर कारीनने काढून घेऊन चर्चच्या पेटीत टाकला.

आज ती मारणार नाही. आजचा दिवस तेवढा टळला पाहिजे. सहाव्या वर्षी एखाद्या मुलीला सगळ्या गावाने टाळ्या वाजवून शिकवलं की मारलं म्हणजे तू आमची, तर पुढे मी काय शिकवणार, कोणत्या भाषेत... वर्षभर थांबू. वर्षभरात तिला पोहायला शिकवू, पियानो, काहीही, हाताला दुसरं काहीतरी.

दहा वाजता बंबाचा भोंगा वाजला तेव्हा ते गळ्याच्या काठावर होते. ऑरविलला परत द्यायला भालाही बरोबर आणला होता. सगळं गाव होतं. रबरी विजारी छातीपर्यंत चढवलेले पुरुष, टोपल्या आणि कपडे धुण्याची जुनी पत्र्याची टबं घेतलेल्या बायका, सॉसेजचा धूर, चर्चच्या लांब टेबलावर ओटच्या वड्यांचे ट्रे. विणीसाठी मोठ्या तळ्यातून उथळ तळ्याकडे निघालेले कार्प रात्रीच गळ्यात शिरले होते आणि मागे जाळं लावलं होतं. आता दोन ट्रॅक्टरांनी जाळं दोन्ही काठांवरून ओढायला घेतलं, आणि पाणी बदललं. आधी नुसती थरथर. मग पाठी, कणसांच्या गंजीसारख्या एकमेकींवर चढलेल्या पितळी पाठी, आणि चोखल्यासारखा, ओल्या फडक्याने तोंड पुसल्यासारखा तो आवाज, शेकडो तोंडांचा. कुणीतरी जुन्या काळी खायला म्हणून आणून सोडलेला हा मासा. खाल्ला कुणीच नाही, आणि त्याने तळाचं गवत उपटून पाणी गढूळ केलं, खायच्या वॉलआय माशाची अंडी बुडवली. त्याला मारणं पाप नाही, असं पास्टरसुद्धा म्हणतात. तेही पाण्यात होते.

“ही बघ, आली आपली प्रोफेसरीणबाई,” ऑरविल पाण्यातून म्हणाला. सत्तरीचा माणूस, दंडावर अजून दोरखंडासारख्या शिरा. “काय, वही आणलीय का? लिहून घ्या, लिहून घ्या.”

“टिली फक्त बघणार आहे,” कारीन म्हणाली, आणि डेलकडे पाहिलं.

डेलने घसा साफ केला. “हो, बाबा, म्हणजे या वर्षी आम्ही म्हटलं...”

“कोण आम्ही?”

डेलचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला होता, त्याला माहीतही नसेल.

“अगं, वडी खा,” मार्लिस, तिची सासू, ट्रे पुढे करत म्हणाली. “होऊन जातं गं. मीसुद्धा रडले होते माझ्या वेळी. मग दोन खाल्ल्या.”

“किती वर्षांच्या होता तुम्ही?”

“लग्नाच्या आदल्या मे महिन्यात. यांच्या आईने सांगितलं, आधी फळी, मग अंगठी.” मार्लिसने एक वडी स्वतःच्या तोंडात टाकली आणि पाण्याकडे पाहत राहिली. तिच्या हनुवटीला तुकडा चिकटला होता.

मग सुरू झालं. सुरू झालं म्हणजे एकदमच झालं — गवत उचलायचे काटे, भाले, एकाच्या हातात बेसबॉलची बॅट. चिखल तोंडांवर उडत होता आणि त्यात दुसरंही काही उडत होतं. माणसं हसत होती, एकमेकांना शिव्या देत होती, “अरे त्याला किती वेळ कुरवाळतोस, लग्न करणारेस का,” आणि मासे काठावर फेकले जात होते, गवतावर आपटत होते, शेपट्या पत्र्याच्या टबांवर वाजत होत्या. काल बँकेत तिच्याशी गोड बोललेली बाई कुदळीच्या उलट्या बाजूने एकेका डोक्यावर मारत काठाने चालली होती, शेजारणीशी भाचीच्या लग्नाचं बोलत, बोलणं न तोडता. कारीन दोन पावलं मागे सरली. वासाने नाही... कुणाच्याच चेहऱ्यावर राग नव्हता, त्याने.

तिने वळून पाहिलं तर टिली शेजारी नव्हती.

टिली पाण्यात होती, पिवळ्या बुटांत, घोट्याएवढ्या पाण्यात, आजोबांच्या पुढ्यात. हातात भाला. बुचं काढलेली.

“कोपर वर. हं. आता डोळ्यामागे, त्या खळग्यात. एकच घाव. मग उचलायचा नाही, दाबून धरायचा.” ऑरविलचा आवाज मऊ होता, फार मऊ, तो घोड्यांशी बोलतो तसा. नियम असा की मोठ्या माणसाने मुलाच्या कोपराला हात लावावा, भाल्याला नाही. घाव मुलाचा स्वतःचा असला पाहिजे. त्याचं एक बोट तिच्या कोपराखाली होतं. समोर उथळ चिखलात एक कार्प एका कुशीवर पडला होता, टिलीच्या पायाएवढा लांब, तोंड उघडत मिटत होता.

टिली त्याच्याकडे पाहत होती. शांत. बाई म्हणाल्या होत्या तशीच शांत. आता खाली येईल तो हात, आता. कारीनने हाक मारायला तोंड उघडलं.

टिलीने भाला खाली केला. पाण्यात टेकवला, काठी टेकवावी तसा.

“हा थांबलाय, आजोबा,” ती म्हणाली. “आधीच थांबलाय. याला कशाला?”

आसपासचे दोघेचौघे हसले. कारीन हसली नाही. तिला टिलीचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. तो थांबत नव्हता. मग थांबला. तीन आठवडे मी हे वाक्य उशाशी घेऊन झोपले आणि चुकीचं वाचलं. ओडीन काहीतरी करत होता, हिला किंवा दुसऱ्या कुणाला, आणि थांबत नव्हता, आणि तो थांबल्यावर हीसुद्धा थांबली — एवढंच सांगत होती पोर. मी विचारलं नाही. मी तिच्या हातात दुसऱ्याचा हात पाहत बसले.

“अगं पोरी, ते मासे काय तुझं ऐकून घेणारेत?” ऑरविल म्हणाला. गाव बघत होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “मार.”

“नको.”

“मार म्हणतो ना.” आणि त्याने कोपर सोडलं, तिची मूठच दांड्यासकट आपल्या मुठीत धरली आणि वर उचलली. टिलीचं मनगट पांढरं झालं. ती ओरडली नाही. तिने आईकडे पाहिलं.

कारीन पाण्यात होती. कशी शिरली ते तिला आठवत नाही. कापडी बूट, थंडी घोट्यातून हाडात.

“सोडा तिला.”

“बूट भिजले की तुमचे,” ऑरविल हसत म्हणाला. “काठावर जा, बाई. हे तुमच्या पुस्तकातलं नाही.”

तिने दांडा धरला आणि पिळला. म्हाताऱ्याच्या हाताला चिखल होता. भाला सुटला, टिली मागे धप्पकन बसली, आणि क्षणभर — तो क्षण कारीनजवळ पुष्कळ वेळ राहिला — तीन टोकं ऑरविलच्या पोटासमोर होती, रबरी विजारीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध, जिथे शर्टाचं बटण तुटलेलं होतं आणि आतली पांढरी बनियन दिसत होती. तिला जागा दिसली. नीट दिसली. किती जोर लागेल, आधी लहान आवाज येईल आणि मग मोठा. आणि तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे, नऊ वर्षांत पहिल्यांदा, भीती होती. खरी. ओली. ती इतकी गोड लागली की तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

तेवढ्यात तो मासा तिच्या नडगीवर फडफडला.

तिने भाला खाली घातला. डोळ्यामागे, त्या खळग्यात. ऐकलेलं सगळं हाताला पाठ होतं. काटे आत गेले तेव्हा दांड्यातून एक थरथर वर आली, कोपरात, खांद्यात, दातांत. दाबून धरायचा असतो. तिने धरला नाही. उपसला आणि पुन्हा घातला. पुन्हा. मासा मघाच मेला होता आणि ती मारत होती, चिखल, पाणी, तळाचे दगड, खवले तिच्या ओठांवर. कुणीतरी श्वासागणिक घोगरं हुंकारत होतं आणि तो आवाज आपलाच हे तिला कळत होतं आणि थांबावंसं वाटत नव्हतं. दाराला. वल्ह्याला. फळीला. त्या मऊ आवाजाला. आणि मग — हे मी कुणाला सांगणार — मग कशालाच नाही, कारण काही उरलंच नव्हतं, आणि तरी हात वर जात होता.

“बास,” डेलने तिला मागून कमरेत धरलं. “कारीन. बास. मेला तो. अगं, केव्हाच मेला.”

काठावर कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि एक बारीक आवाज म्हणाला, “लोखंड तापवा रे, बाई आल्या फळीवर.” हशा. ऑरविल तिच्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांतलं ते आता गेलं होतं, त्या जागी दुसरंच काही होतं, मोकळं, जवळजवळ प्रेमळ. त्याने आपला रुंद ओला हात तिच्या खांद्यावर ठेवला.

“मला वाटलं होतं, हा घाव मलाच बसतोय,” तो हळूच म्हणाला. “नऊ वर्षं कुठे ठेवलं होतंत हे?”

तिने हात झटकायला हवा होता. तिने झटकला नाही. तो तिथे जड आणि बरा वाटत होता, आणि तसा वाटतो हे कळूनही बरा वाटत होता.

टिली काठावर मार्लिसच्या मागे उभी होती, पँटला चिखल. मार्लिसने तिच्या हातात वडी दिली होती, ती तिने खाल्ली नव्हती. ती आईकडे पाहत होती. चेहऱ्याकडे नाही. उजव्या हाताकडे. खाली मान न घालता, पापणी न हलवता, पुढे हा हात काय करील याचा अंदाज घेत असावं तशी. आणि कारीनला ती नजर ओळखीची वाटली, कारण ती तिची स्वतःचीच होती. आरशातून, झोपलेल्या तळव्यावरून, रोज.

“टिली, ये,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता. “घरी जाऊ.”

टिलीने आजीकडे पाहिलं, मग बापाकडे. मग ती आली. कारीनने भाला गवतावर टाकला आणि हात पुढे केला, उजवा. मग मागे घेऊन डावा. टिलीने विचार केला. तो विचार तिच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता, एखाद्या मोठ्या बाईसारखा. मग तिने आईच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरलं. नुसतं कापड.

दोघी पुलाच्या चढाला लागल्या. ओडीनने काय केलं होतं गं, असं आता विचारायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते आणि तिथे अजून खारट, लोखंडी चव होती. मागे चोखल्यासारखा तो आवाज चालूच होता. खांद्यात ऊब होती, बाळंतपणानंतर पहिल्यांदा दूध उतरलं होतं तशी, भरलेली, जरा दुखरी... ती आता ओसरेल, घरी पोचेपर्यंत ओसरेल, असं ती स्वतःला सांगत होती, आणि पाऊल हळू टाकत होती. घर येऊ नये म्हणून.